गेम डिझायनर नेमके काय करतो? नागपूरच्या एका पालकांना उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपला मुलगा अकरावीत आहे, सुटीच्या दिवशी पाच-सहा तास मोबाइलवर किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळतो आणि आता "मला गेम डिझायनर व्हायचे आहे" असे म्हणतो. डिझायनर म्हणजे चित्रे काढणारा की प्रोग्राम लिहिणारा, हे त्यालाही धड सांगता येत नाही. आणि कला किंवा संस्कृती म्हणावे असे या सगळ्यात काही आहे का, याची आपल्याला शंका आहे. मी गेली सतरा वर्षे हेच काम करतो, त्यातली पहिली अकरा पुण्यात आणि पुढची इथे नागपुरात, धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

डिझायनर नियम ठरवतो. चित्रकार, प्रोग्रामर आणि संगीत देणारा ही माणसे वेगळी असतात. लहान चमूत एकच माणूस दोन-तीन कामे ओढतो, पण काम म्हणून ती वेगळीच राहतात. नियम म्हणजे केवळ "तीन जिवांनंतर खेळ संपला" एवढेच नव्हे. नव्वदच्या दशकात नागपुरात वाढलेल्यांना मे महिन्यातल्या दुपारी आठवत असतील: खिडकीत घरघरणारा कूलर, टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेमचा आठ बिटचा डबा आणि फुंकर मारून खुपसलेली पिवळी कॅसेट. त्या कॅसेटमध्ये बहुधा कोनामी कंपनीचा 1987 सालचा 'कॉन्ट्रा' असे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. दोघे मिळून खेळत असतील तर वरचा गडी चढू लागला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकते, आणि मागे राहिलेला गडी स्क्रीनच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. माझा थोरला भाऊ भराभर चढायचा आणि मी खाली मरायचो. मग कूलरसमोरच आमची मारामारी व्हायची आणि आई मेन स्विच बंद करायची. पुढे त्याला थांबायची सवय लागली. तो एक पायरी चढून "ये" म्हणायचा. "भावासाठी थांबा" असे त्या खेळात कुठेही लिहिलेले नव्हते. स्क्रीनच्या खालच्या कडेला मरण ठेवले होते, बाकी सगळे आम्ही दोघांनी केले. डिझायनरचे काम कळायला याहून नेमके उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

आता त्याहून बारीक गोष्ट सांगतो, कारण हे काम बारकाव्यांतच चालते. बहुतेक खेळांत सेकंदाला 60 चित्रे दाखवली जातात, म्हणजे एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते. खेळातले पात्र कड्यावरून धावत येते आणि खेळणारा उडीचे बटण दाबतो. पुष्कळदा त्याचे बोट दोन-चार चित्रे उशिरा पडते, म्हणजे तोवर पात्राचा पाय कड्याच्या पुढे गेलेला असतो. भौतिकशास्त्राप्रमाणे तिथे उडी मिळायला नको, पण ती दिली नाही तर खेळणारा "मी बटण दाबले होते!" असे ओरडतो, आणि त्याच्या अनुभवापुरते ते खरेच असते. म्हणून आम्ही पाय सुटल्यानंतरही थोडा वेळ उडी मान्य करतो. 2018 च्या 'सेलेस्ट' या अवघड म्हणून नावाजलेल्या खेळात ही सवलत एक दशांश सेकंदाची आहे. तसेच जमिनीला पाय लागण्यापूर्वी किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून पाय टेकताच उडी दिली जाते. खेळणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त "कंट्रोल मस्त आहे" असे वाटते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिला महिनाभर एक उडी बनवायला लावतो आणि दुसरे काही करू देत नाही. निम्मी मुले दुसऱ्या आठवड्यात कंटाळून जातात, आणि तेही बरेच होते.

कधीकधी चांगला नियम यंत्राच्या अडचणीतून निघतो. 1978 मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. त्यात पाच रांगांमध्ये 55 परग्रहवासी खाली सरकत येतात. यंत्राची ताकद इतकी कमी होती की एका चित्रात एकालाच हलवता येई. सगळे जिवंत असताना प्रत्येकाची पाळी जवळपास सेकंदाने येत असे, आणि जसजसे ते मरत, तसतशा उरलेल्यांच्या पाळ्या लवकर येऊन ते वेगाने धावू लागत. ही यंत्राची मर्यादा होती, पण खेळताना छाती धडधडते ती तिच्यामुळेच, हे ओळखून निशिकादो यांनी ती तशीच ठेवली. दोष दिसताच दुरुस्त करणारा प्रोग्रामर आणि दोषाकडे क्षणभर बघत बसणारा डिझायनर यांत फरक पडतो तो इथे.

शिकवणे हा या कामाचा आणखी एक मोठा भाग आहे. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा निन्टेंडो कंपनीच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ज्या रीतीने रचला, तो आमच्या क्षेत्रात बाराखडीसारखा गिरवला जातो. पात्र डावीकडे उभे असते आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कोणी न सांगता खेळणारा उजवीकडे निघतो. पुढे कपाळाला आठ्या घातलेला एक जीव चालत येतो. त्याला धडकले की मरण येते, पण खेळ नुकताच सुरू झाल्याने गमावण्यासारखे काही नसते. नंतर चमकत्या ठोकळ्यातून एक मशरूम निघते. नुकताच मार खाल्लेला खेळणारा त्याला घाबरतो. पण ते वाटेतल्या पाइपवर आपटून परत त्याच्याच दिशेने येते, आणि उडी मारून टाळायला जावे तर डोक्यावरचे ठोकळे आडवे येतात. ते अंगावर आदळते, पात्र मोठे होते, आणि मशरूम चांगले असते हे खेळणारा शिकतो. एकही सूचना लिहावी लागलेली नाही.

हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते माझ्याच एका फसलेल्या प्रयोगावरून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मारबतीवर एक छोटा मोबाइल गेम करायला घेतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते, बरोबर बडगे, म्हणजे चालू घडामोडींची टर उडवणारे पुतळे, असतात, लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात आणि शेवटी वस्तीबाहेर नेऊन त्या जाळतात, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या खेळात मिरवणूक खेळणाऱ्याच्या ताब्यात होती. महाल भागातल्या अरुंद गल्लीतून मारबत पुढे न्यायची, दोन्ही बाजूंच्या घरांतून धुरासारखी पीडा येऊन तिला चिकटायची, वर तिचा आकडा वाढायचा आणि तीन मिनिटांत गल्ली पार करायची. कागदावर सगळे चोख होते. चित्रे तर फारच छान झाली होती. बडग्यांचे चेहरे पाहून आमचे आम्हीच हसत होतो.

मग एका मित्राच्या वाड्यात चार मुलांना बसवून खेळायला दिले. याला आम्ही प्लेटेस्ट म्हणतो आणि त्याचा एकच कडक नियम असतो: बनवणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. समजावून सांगायचे नाही, "तिकडे नको" म्हणायचे नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचे नाही. पहिल्या तिघा मुलांनी सुसाट मिरवणूक हाणली, दोन मिनिटांत गल्ली संपवली, "पुढची लेव्हल?" असे विचारले आणि फोन खाली ठेवला. चौथी मुलगी सातवीतली होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि तिने बोट उलट्या दिशेला ओढायला सुरुवात केली. मागे जायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. स्क्रीनची डावी कड भिंतीसारखी होती. ती भिंतीला मारबत घासत राहिली आणि वेळ संपला. मी तोंड न उघडण्याचा नियम मोडून तिला विचारले, काय करत होतीस? ती म्हणाली, "काका, ते एक घर सुटलं न. त्यांची पीडा मग कोण नेईल?"

त्या सातवीतल्या मुलीला मारबत कळली होती आणि आम्ही सात महिने शर्यत बनवत बसलो होतो. वर घड्याळ लावले की खेळणारा धावतो. मग त्याखाली कितीही अस्सल नागपुरी चित्रे लावा, खेळ धावण्याविषयीचाच होतो. आम्ही घड्याळ काढले आणि गल्ली दोन्ही बाजूंनी मोकळी केली. पुढची चाचणी त्याहून वाईट गेली, कारण आता कशाचीच निकड उरली नव्हती आणि मुले गल्लीत रेंगाळून कंटाळू लागली. तिसऱ्या वेळी तोडगा सापडला: गर्दी आपल्या गतीने पुढे सरकत राहते, मागे वळता येते, पण लोकांच्या लोंढ्याविरुद्ध, आणि जितके मागे जाल तितका ढोलताशा अंधुक होत जातो. आता सुटलेल्या घरासाठी परतणे हा खेळणाऱ्याचा निर्णय झाला आणि त्या निर्णयाला किंमत आली. सगळा बदल चार महिन्यांचा होता. त्या खेळाच्या कमाईतून ऑफिसचे दोन महिन्यांचे भाडे निघाले असेल, त्यापेक्षा अधिक नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे संस्कृतीचे, उत्तर यातच अर्धे आले आहे. नियमातून अर्थ सांगण्याची ही रीत आपल्याकडे परकी मुळीच नाही. सापशिडी ही मूळची आपल्याकडचीच. महाराष्ट्रात तिला मोक्षपट म्हणत आणि परंपरा तिचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. घराघरांवर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले, शिड्या वर नेणाऱ्या, साप खाली ओढणारे, शेवटी मोक्ष, आणि चाल कवड्या टाकून. आजचा कोणताही डिझायनर म्हणेल की ज्यात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही तो खेळ कच्चा. पण इथे निर्णय नसणे हेच सांगायचे आहे: कवड्या पडतील तसे भोगायचे, आणि खाली गेलात तर पुन्हा वरची वाट धरायची. जुन्या अनेक पटांवर साप शिड्यांपेक्षा अधिक असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, तिथे हळूहळू सापांची आणि शिड्यांची संख्या सारखी होत गेली आणि पुढे गुणदुर्गुणांची नावेही गळाली. पट तोच, चाल तीच. पण सापांची संख्या बदलताच जगाविषयीचे म्हणणे बदलले. आपल्या मुलाने हे एक उदाहरण नीट पचवले तर त्याला माझ्या वर्गाची गरज पडणार नाही.

आधुनिक उदाहरण हवे असेल तर 2013 चा 'पेपर्स, प्लीज' घ्या. तो लुकास पोप यांनी बनवला. त्यात आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असतो. समोर माणूस येतो, त्याची कागदपत्रे टेबलावर पसरायची, तारीख, शिक्का, फोटो जुळवायचा आणि "मंजूर" किंवा "नामंजूर" असा शिक्का मारायचा. जितकी माणसे हातावेगळी कराल तितका पगार, आणि संध्याकाळी त्या पगारातून भाडे, अन्न आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा. टेबल मुद्दामच लहान ठेवले आहे. कागद एकमेकांखाली दडतात आणि वेळ जातो. एक नवरा येतो, त्याचे कागद ठीक असतात. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, त्यानंतर पगार कापला जातो, म्हणजे दयेचा कोटासुद्धा नियमानेच ठरवलेला असतो. सरकारी खिडकीच्या बाहेर आपण सगळेच तिष्ठत उभे राहिलो आहोत. खिडकीच्या आत बसून, घाईत, एका बाईला परत पाठवल्यावर पोटात जे होते ते मला दुसऱ्या कुठल्या माध्यमाने करून दाखवलेले नाही. कादंबरी त्या कारकुनाविषयी सांगते; इथे शिक्का माझ्या हातात होता.

बाहेरच्या मान्यतेला मी फार किंमत देत नाही, पण आपल्याला ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' आहेत. युद्धात अडकलेल्या सामान्य नागरिकांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचे पोलंडने 2020 मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' जगभर प्रसिद्ध झाला. आणि टाळेबंदीत घराघरांत चाललेला 'लुडो किंग' नवी मुंबईतल्या कंपनीचा आहे.

आता काळी बाजू. पुण्यात असताना एका कंपनीत मला रोजचे "नशिबाचे चक्र" डिझाइन करायला सांगितले गेले. चक्र कुठे थांबणार हे ते फिरण्यापूर्वीच प्रोग्रामने ठरवलेले असते. फिरणे हा देखावा. माझे काम होते ते काटा मोठ्या बक्षिसाच्या एक घर अलीकडे किंवा पलीकडे वारंवार थांबवण्याचे, कारण "थोडक्यात हुकले" असे वाटलेला माणूस पुन्हा फिरवतो. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले की कबुतर चोच मारत राहते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी विसाव्या शतकातच दाखवले होते; आम्ही कबुतराच्या जागी माणूस ठेवला. ते चक्र मी बनवले, चांगले बनवले, आणि आठ महिन्यांनी ती नोकरी सोडली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आणली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. तो फरक मला रास्त वाटतो, पण बिनपैशाच्या खेळांतही तीच चक्रे फिरत असतात, तिथे कायदा पोहोचत नाही. म्हणून आपला मुलगा किती तास खेळतो याच्या आधी तो काय खेळतो आणि त्या खेळात त्याला रोज हजेरी लावायची सक्ती आहे का, हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, हे साधारणपणे 12 महिने दिसावे लागते. उन्हाळ्याच्या सुटीत 45 अंशांच्या दुपारी पाच तास खेळणारा मुलगा एवढ्यावरून आजारी ठरत नाही. जेवण, झोप आणि मित्र सुटू लागले तर मात्र माझ्यासारख्याला विचारू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

नोकरीविषयी खरे सांगायचे तर नागपुरात संधी मोजक्या आहेत. मोठे स्टुडिओ पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथे आहेत; यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासून चालू आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, म्हणजे त्याआधी कोणतीतरी पदवी घ्यावीच लागेल, आणि ती कॉम्प्युटरची असली तर डिझाइन जमले नाही तरी पोट भरते. "सहा महिन्यांत गेम डिझायनर" अशा पाट्या दिसतात, तिथे लाखभर रुपये भरू नका. गोडो हे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालेल.

पण ते डाउनलोड करण्यापूर्वी त्याला एक काम द्या. पट्टी-पेन्सिल घेऊन शंभर घरांचा सापशिडीचा पट काढायचा आणि त्यात एकच नियम असा बदलायचा की खेळणाऱ्याला दर चालीला निर्णय घ्यावा लागेल. एखादा मुलगा दोन फासे टाकून एक स्वतःला ठेवेल आणि दुसरा समोरच्याला देईल, दुसरा मुलगा साप विकत घ्यायची सोय करेल. त्याला जे सुचेल ते. मग आपण दोघे नवराबायको खेळायला बसा. नियम कागदावर लिहिलेले असतील तेवढेच वाचा, त्याला काही विचारू नका, आणि त्याने तोंड बंद ठेवून वही घेऊन शेजारी बसायचे. आपण कुठे अडलात, कुठे हसलात, कुठे नियम चुकीचा समजून घेतलात, हे त्याने लिहायचे. खेळ कंटाळवाणा होईलच, पहिला नेहमीच होतो. त्यानंतर त्याने तो फेकून दिला की रात्री बसून नियम बदलला, ते मला कळवा. बदलला असेल तर शनिवारी चार वाजता पट घेऊन त्याला धरमपेठेला पाठवा.